दोघांनी एकदम

“बघा, चाललं की नाही?” सेक्रेटरी रूपेशने हातातला फोन उंच धरला. क्लब हाऊसमध्ये टाळ्या पडल्या.

पुढच्या रविवारी सोसायटीच्या कमिटीची निवडणूक होती, आणि या वेळी मतदान घरबसल्या, सोसायटीच्याच वेबसाइटवर व्हायचं होतं. आज तिची रंगीत तालीम. उगाच रुसवेफुगवे नकोत म्हणून उमेदवार होते आंबा आणि फणस. रूपेशचा फोन ओळीने एकेकाच्या हातात जात होता. जो तो आपला फ्लॅट नंबर घालायचा, मत द्यायचा आणि फोन शेजाऱ्याकडे सरकवायचा. अख्ख्या सीवूड्समध्ये इतकी शिस्तीची सोसायटी दुसरी नसेल.

वेबसाइट बांधली होती जाईने, दिवाळीपासून, ऑफिसातून आल्यावर बसून. पण पडद्यावर सभासदाचं नाव झळकवण्याची करामत रूपेशच्या भाच्याची, निखिलची. ती त्याने काल संध्याकाळी चुटकीसरशी बसवली होती. आणि जाई सकाळपासून सांगत होती, ती काढा.

“निखिलदादा, सध्याचा सभासद कोण, हे तू ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवलंयस,” ती भिंतीजवळून म्हणाली. “सर्व्हरवर ती एकच जागा आहे, सगळ्यांना मिळून. कुठूनही वाचा, कुठूनही पुसा. अशा जागेला कोणी थेट हात लावू नये, असंच तर मी सगळं लिहिलं होतं.”

“अगं, एवढं सोवळं कॉलेजात ठीक आहे,” निखिल हसला. “इथे पब्लिकला रिझल्ट पाहिजे. चालतंय ना?”

“जाई, टेन्शन नको घेऊस,” रूपेश म्हणाला. “पटत नसेल तर पुढचं निखिल सांभाळेल. वेबसाइटवरचं तुझं नाव काढून टाकू, म्हणजे तुझ्यावर जबाबदारीपण नको.”

जाईने मान खाली घातली.

शेवटच्या रांगेत तिचे आजोबा, दिनानाथ, बसले होते. सभेत ते आजवर कधी बोलले नव्हते. वाचनालयात जन्म गेलेला माणूस. आवाज चढवायची सवयच नव्हती. सकाळी चहा घेताना जाईने त्यांना ही भानगड समजावली होती आणि तेव्हा ती त्यांना लख्ख कळली होती. समजा, लिफ्टजवळ एकच फळा टांगला आहे. येणाऱ्याने त्यावर आपलं नाव लिहायचं, मागून येणाऱ्याने ते पुसून स्वतःचं लिहायचं. माणसं एकेक करून आली तर काहीच बिघडत नाही. पण आता, इतक्या लोकांत, आपल्याला नेमकं तेच कळलं होतं का, याची त्यांना खात्री वाटेना. चुकलं तर हसं आपलं नाही, पोरीचं होणार.

तरी ते उठले. खुर्ची करकरली आणि सगळ्या माना वळल्या.

“दोघांनी...” त्यांनी पुढच्या खुर्चीची पाठ धरली. “दोघांनी एकदम करून बघावं. दोन फोनांवर.”

“काका, आपल्याकडे लोक रांगेत येतात,” रूपेश म्हणाला. हशा पिकला.

“घरात बसून मत द्यायचं ना? मग रांग कुठली?” दिनानाथ म्हणाले, आणि स्वतःच दचकले.

हशा विरला. तळमजल्यावरच्या, मूळ करावे गावच्या पुतळाबाईंनी पिशवीतून आपला फोन काढला. “मी हाय. या भाऊ, बसा हितं.”

जाईने तालमीतली आधीची मतं पुसली आणि दोघं शेजारी बसली. जाईने सांगितलं तसा आधी दिनानाथांनी आपला नंबर घातला. मग पुतळाबाईंनी आपल्या फोनवर आपला.

“आता आजोबा, मत द्या.”

दिनानाथांनी आंबा दाबला. पडद्यावर आलं, ‘धन्यवाद, पुतळाबाई.’

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. शेजारी पुतळाबाई फणसावर बोट दाबत होत्या, परत परत.

“ह्ये काय म्हनतंय? वाच गो जाई.”

“आपलं मत याआधीच नोंदवलं गेलं आहे,” जाईने वाचलं.

“माझं? मी कवा दिलं?” पुतळाबाई दिनानाथांच्या फोनात डोकावल्या. “अगो बाय! माझ्या नावानं आंबा खाल्ला तुमी, भाऊ!”

सगळे हसले. मग हसणं एकदम थांबलं. प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे पुढचा रविवार आला असावा.

निखिलने लॅपटॉप पुढे ओढला आणि कालचा कोड वरपासून खालपर्यंत वाचला. “एकट्याने टेस्ट केलं मी,” तो अखेर म्हणाला. “तू नाव कुठे ठेवणार मग?”

“सामाईक जागेत काहीच ठेवायचं नाही, दादा. मत येतं तेव्हा ते कोणाचं, हे त्याच्यासोबतच येऊ दे. काम झालं की संपलं.”

निखिलने खुर्ची सोडली. “बस. तूच लाव.”

जाई बसली. तिची बोटं भराभर चालू लागली.

“काका, तुम्हाला कॉम्प्युटरमधलं एवढं कळतं हे माहीत नव्हतं,” रूपेश हळूच म्हणाला.

“मला नाही,” दिनानाथ म्हणाले. “तिला कळतं.” ते इतक्या मोठ्याने निघालं की दारातल्या वॉचमननेही आत पाहिलं.

थोड्या वेळाने जाईने मघाची मतं पुसली आणि मान हलवली. पुन्हा दोघांनी नंबर घातले, पुन्हा दिनानाथांनी आंबा दाबला. या वेळी आभार त्यांचेच मानले गेले. पुतळाबाईंनी आपल्या पडद्यावरचं नाव बोटाने एकेक अक्षर करत वाचलं. मग मत द्यायला बोट उचललं, आणि थांबल्या.

“तिकडं बगा, भाऊ,” म्हणत त्यांनी फोनवर पदर धरला.

दिनानाथांनी तत्परतेने मान वळवली आणि ताठ बसून राहिले.