गंगुबाईंची नोकरी

"तक्रारदार बाईंनी विम्याच्या अर्जात लिहिलंय, की त्या नोकरी करतात," बँकेचे वकील सलिल बेहेरे म्हणाले. "म्हणजे त्यांनी खोटी माहिती दिली. त्यामुळे विमाही मिळणार नाही आणि विम्यासाठी भरलेले पैसेही परत मिळणार नाहीत. बँकेने तसं पत्राने कळवलेलं आहे."

रत्नागिरीच्या ग्राहक मंचात त्या दिवशी दहा-बारा माणसं आपापल्या पुकाऱ्याची वाट बघत बसली होती. गंगुबाई उभ्या राहिल्या. संगमेश्वरजवळच्या एका गावात त्यांची भाताची गिरण होती. नव्या यंत्रासाठी कर्ज काढलं, तेव्हा शाखेतल्या माणसाने कर्जातच अकरा हजारांचा विमा बसवला होता. 'काकी, हातपाय मोडला तरी हप्ते विमा कंपनी भरेल,' असं सांगून. वर्षाच्या आत त्या घसरून पडल्या, उजवा हात मोडला, गिरण तीन महिने बंद राहिली. कंपनीने कळवलं, हा विमा फक्त पगारदारांचा. मग आमचे पैसे तरी परत द्या, असं त्यांनी बँकेला लिहिलं. त्याचं उत्तर पोस्टमनने गिरणीतच वाचून दाखवलं, भात घेऊन आलेल्या लोकांसमोर. 'खोटी माहिती' हे शब्द त्यातलेच.

"सायेब," गंगुबाई अध्यक्षांना म्हणाल्या, "मी नोकरीला कुठं हाय, ते जरा वकीलसायबांना वाचायला सांगा."

बेहेऱ्यांनी अर्जाचं पान उलटलं. "व्यवसाय, नोकरी. नोकरीचं ठिकाण..." ते थांबले.

"वाचा," अध्यक्ष म्हणाले.

"गंगुबाई राईस मिल."

मागच्या बाकावर कोणीतरी खुदकन हसलं.

"या मिलचा मालक कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

"मीच."

"आणि कामाला?"

"ती पण मीच. पोती उचलायला मी, पट्टा चढवायला मी, झाडू मारायला मी."

अध्यक्षांनी चष्मा सारखा केला. "इथे लिहिलंय, कामावरून काढून टाकलं तर विमा मिळेल. तुम्हाला कामावरून काढणार कोण, बाई?"

"मालकीण कडक हाय, सायेब," गंगुबाई म्हणाल्या. "पण मला काढलंन, तर ती उपाशी मरंल."

सगळी खोली हसली. मंचाच्या सदस्य बाईंनी पेन खाली ठेवलं आणि तोंडाला पदर लावला. बेहेरे कागदात मान घालून उभे होते, पण त्यांचेही खांदे हलत होते.

हसू ओसरल्यावर ते म्हणाले, "पण सही तर तुमचीच आहे ना?"

"सही माझी. बाकीचं माझं काय नाय."

त्यांची सून शमिका फाईल घेऊन पुढे गेली. सासूबाईंनी स्वतः भरलेली बँकेची एक जुनी स्लिप तिने टेबलावर ठेवली. अध्यक्षांनी ती अर्जाशेजारी धरली. अर्जावर सफाईदार इंग्रजी अक्षर होतं. खाली सही तेवढी मराठीत, एकेक अक्षर खिळा ठोकावा तसं.

"अर्ज कोणी भरला?"

"बँकेतल्या माणसानं. तो बोट ठेवी तिथं मी सही केली."

बेहेऱ्यांनी पाच मिनिटं मागून घेतली. मोबाईल घेऊन ते व्हरांड्यात गेले, आणि परत आले तेव्हा त्यांचा आवाज खाली आला होता. "बँक सगळे पैसे व्याजासह परत करायला तयार आहे. बाईंनी तक्रार मागे घ्यावी."

शमिकाने सासूबाईंचा हात घट्ट दाबला. गंगुबाई बसल्या नाहीत.

"पैशे देतायत, बरं झालं. पण तेवढ्यावर मी नाय जायची. मला खोटी म्हणालेत. ते पुसून द्या."

अध्यक्षांनी अर्ज बाजूला ठेवला. मग टंकलेखकाकडे वळून ते सावकाश सांगू लागले. रक्कम, व्याज, मुदत. आणि शेवटी, "तक्रारदाराने कोणतीही खोटी माहिती दिलेली नाही."

"सायेब, ह्येवढं वाक्य परत एकदा सांगाल?"

अध्यक्षांनी सांगितलं. या वेळी मोठ्याने, मागच्या बाकापर्यंत जाईल असं. गंगुबाईंनी डोळे मिटून ऐकलं. उघडले तेव्हा त्या हसत होत्या आणि गाल ओले होते.

"निकालाची प्रत हातात देऊ की पोस्टाने पाठवू?" टंकलेखकाने विचारलं.

"पोस्टानंच," शमिका घाईघाईने म्हणाली. "गिरणीच्या पत्त्यावर."

बाहेर व्हरांड्यात दोघींनी डबा उघडला. घावनं होती आणि चटणी. काळा कोट हातावर टाकून बेहेरे त्यांच्यापाशी येऊन उभे राहिले.

"काकी, रागावलात माझ्यावर?"

"तुमी तुमचं काम केलंत. घ्या, घावन खा."

त्यांनी घावन घेतलं, पण खाल्लं नाही. "माझी आई चौसष्ट वर्षांची आहे. जन्मात नोकरी केली नाही. दुसऱ्या एका बँकेने घरदुरुस्तीच्या कर्जात तिच्याही गळ्यात असाच विमा मारला. पैसे परत मागितले, तर नाही म्हणाले." त्यांनी घावन डब्याच्या झाकणावर ठेवलं. "मीच तिला म्हटलं, सही केलीयस ना, आता गप्प बस."

गंगुबाई बाकावर सरकल्या. शमिकाही सरकली. मधे एका माणसापुरती जागा झाली.

"तक्रार लिवायला कोरा कागद हाय?" गंगुबाईंनी विचारलं.

बेहेरे बसले. कागद मांडीवर ठेवून त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"आधी आईचं नाव लिवा. ठळक," गंगुबाई म्हणाल्या. "आणि खाली काय लिवाल, ते तिला वाचून दाखवा."