जी, रोज

नफीसा आपांनी दोन्ही हात पुढे केले. हातांत कोपरापर्यंतचे पिवळे रबरी मोजे होते. कौस्तुभने फोटो काढला.

“आप ये रोज पहनते हैं?” त्याने पुणेरी हिंदीत विचारलं.

आपांनी आधी स्वरदाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “जी, रोज.”

स्वरदाला बरं वाटलं. भोपाळभर अ‍ॅपवरून तासाभरासाठी भाड्याने मिळणाऱ्या हिरव्या स्कूटर तिच्या कंपनीच्या. धूर नाही, आवाज नाही. त्या स्कूटरच्या निकामी बॅटऱ्या सोनागिरीच्या पुढच्या या पत्र्याच्या शेडमध्ये यायच्या आणि इथल्या बायका त्या फोडून आतले चांगले सेल वेगळे करायच्या. उन्हाळ्यात ती पहिल्यांदा इथे आली, तेव्हा आपांनी तिला चहा दिला होता. कप धरलेल्या त्यांच्या बोटांची सालं निघालेली होती. “मोजे मी देते तुम्हाला, आपा,” असं ती तेव्हाच बोलून गेली होती. नंतर तिने उदयदादाच्या मागे लकडा लावला. शेवटी मागच्या महिन्यात तो म्हणाला, “पाठवले गं. आता तरी झोप नीट.”

कंपनी उदयची. लहानपणी, दोघांचे वडील ज्या कारखान्यात होते तिथल्या क्वार्टर्समध्ये, त्यांची घरं समोरासमोर होती. तिला सायकल शिकवली ती त्यानेच.

आज कंपनीत पैसे घालणाऱ्यांनी पुण्याहून कौस्तुभला पाठवलं होतं. स्कूटर हिरवी आहे ते ठीक, तिच्या मागचं सगळं काम तसंच स्वच्छ आहे का, एवढं त्याने पाहायचं होतं. त्याने चष्मे पाहिले, मास्क पाहिले, बायकांना नमस्कार केला आणि उदयबरोबर गाडीकडे गेला. स्वरदा मागे रेंगाळली. आपांशी दोन शब्द बोलायचे होते तिला.

तेवढ्यात कंपनीचा ड्रायव्हर शांताराम मोठं पोतं घेऊन आत आला.

“चलो चलो, सब उतारो. साहब लोगों के पहले दूसरे शेड पे पहुँचाना है.”

बायका उठल्या. मोजे, चष्मे, मास्क पोत्यात पडू लागले. कुणी काही विचारलं नाही.

“ये क्या कर रहे हो?” स्वरदा म्हणाली.

शांताराम गोंधळला. “ताई, सुबह ही तो बाँटे थे. उदय सर बोले थे, वापस लेने हैं.”

आपा उजव्या हातातला मोजा ओढत होत्या, त्या थांबल्या. स्वरदाच्या चेहऱ्याकडे नीट पाहत त्यांनी विचारलं, “आपको नहीं मालूम था, दीदी?”

स्वरदा जवळजवळ धावतच बाहेर आली. उदय गाडीपासून थोडा लांब, फोन खिशात ठेवत उभा होता.

“दादा, मोजे परत का घेतायत?”

“हळू बोल.” त्याने गाडीकडे नजर टाकली. “एका ओळखीच्या कारखान्यातून दिवसापुरते आणलेत. वापरायचे, परत द्यायचे. आपला धंदा तरी दुसरा काय आहे?” तो हसला. ती हसली नाही, तसा त्याचा आवाज मऊ झाला. “अगं, घेणार आहोत आपण. हे पैसे एकदा येऊ देत.”

“तू पाठवले म्हणाला होतास.”

“रोज तेच तेच विचारत होतीस.”

“आपा माझ्यासमोर खोटं बोलल्या, दादा.”

“बोलणारच. तुला मानतात त्या,” उदय म्हणाला. “म्हणून तर तुला आज बरोबर आणलं.”

त्याने हे रागाने म्हटलं नव्हतं. कौतुक करावं तसं म्हटलं होतं. आपांनी उत्तर देण्याआधी आपल्याकडे का पाहिलं, ते स्वरदाला आत्ता कळलं.

ती गाडीपाशी गेली आणि काचेवर टकटक केली. कौस्तुभने काच खाली केली. तिने सगळं सांगितलं, भरभर, उदय मागून हाक मारत असताना.

कौस्तुभने ऐकून घेतलं. “मॅडम, मी त्यांना विचारलं, तेव्हा त्या ‘रोज’ म्हणाल्या. तुमचं बोलणं मी तुमच्या मालकाविरुद्धची तक्रार म्हणून नेईन आणि तिकडे ते तसंच पडून राहील. त्या स्वतः बोलल्या तर गोष्ट वेगळी. थांबतो मी. घेऊन या त्यांना.”

स्वरदा परत शेडमध्ये आली. आपा आपल्या जागेवर बसल्या होत्या. मांडीवर बॅटरी, हातात स्क्रूड्रायव्हर. हात उघडे.

“आपा, बाहर चलिए. साहब रुके हैं. बस एक बार सच बोल दीजिए. मैं हूँ ना आपके साथ.”

बाकीच्या बायकांचे हात थांबले. शांताराम पोत्याचं तोंड बांधता बांधता तसाच उभा राहिला.

आपांनी बॅटरीचं झाकण उचकटलं, बाजूला ठेवलं. बोटं ओढणीला पुसली. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

“अभी आपके वास्ते झूठ बोला, दीदी. अब सच भी आपके ही वास्ते बोलूँ?”