सुराचं मेण

"काका, त्या गतीला तुमी गप बसायचं," ज्योतीराम म्हणाला, आणि चुलत्याकडे न बघता सनईची पत्ती ओली करू लागला.

अक्षता पडून घटका झाली होती. चिंचवड गावठाणात दौलतरावांच्या मांडवात पंगतीच्या पत्रावळी मांडल्या जात होत्या. कडेला घोंगडीवर तिघे बसले होते. ज्योतीराम सनई वाजवायचा, भिमाजी संबळ, आणि आबाजी सूर धरायचे. सूर धरायचा म्हणजे दुसऱ्या सनईतून एकच स्वर, श्वास न तोडता, शेवटपर्यंत. आबाजी हे एकेचाळीस वर्षं करत होते. सुराच्या सनईवर बोटं फिरवावी लागत नाहीत. तिची भोकं मेणानं बुजवलेली असतात. आबाजींच्या सनईतलं मेण त्यांच्या वडिलांनी भरलेलं. तेव्हापासून त्याला कुणी नख लावलं नव्हतं.

"गप म्हंजी?" आबाजींनी विचारलं.

"म्हंजी वाजवायचं न्हाई. सूर धरला की ती गत मरती."

पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना निघाला तसं फाटकासमोर अकबरचं हॉटेल आलं, आणि हॉटेलात रेडिओ आला. एक दिवस सिलोनवर कुणीतरी हवाई नावाच्या बेटांवरची गिटार वाजवली आणि ज्योतीरामचा चहा गार झाला. तारेवरून घसरत, रेंगाळत जाणारे ते स्वर तो तीन महिने सनईत शोधत होता. सापडले तेव्हा घरच्यांनी कपाळाला हात लावला. सनईनं देवळात वाजावं, लग्नात वाजावं. तिला समुद्रापलीकडची बेटं कशाला हवीत? पण ज्योतीरामनं एकदा मनावर घेतलं की घेतलं. आज पंगतीला तो रेडिओवरची ती गत वाजवणारच होता.

आबाजींनी घरी सूर धरून पाहिला होता. दोन ओळी गोड जायच्या. तिसऱ्या ओळीला चाल वर सरकायची, सूर मात्र होता तिथंच, आणि मग भातात खडा यावा तसं व्हायचं. पोरगा खोटं बोलत नव्हता. म्हणून तर जास्त वाईट वाटलं. एकेचाळीस वर्षांत त्यांच्या घरातली एकही गत आबाजींच्या सुराशिवाय वाजली नव्हती.

"बरं," ते म्हणाले आणि सनई घेऊन मांडवामागे गेले.

तिथे बाभळीच्या फांद्यांचं कुंपण होतं. त्यातला एक काटा मोडून ते खाली बसले. मग सगळ्यात खालच्या भोकातलं मेण कोरायला लागले. एकदा काढलेलं मेण परत भरलं तर वडिलांचा तोच सूर येईल याची काही खात्री नव्हती. अर्धं मेण निघाल्यावर त्यांना ते जास्तच कळलं, पण आता थांबण्यात अर्थ नव्हता.

ते परत येऊन बसले तेव्हा पहिली वाढ झाली होती. ज्योतीराम भिमाजीला ठेका सांगत होता, "होडीत बसल्यागत वाजव." भिमाजी जन्मात होडीत बसला नव्हता. त्यानं बैलगाडीत बसल्यासारखं वाजवलं, आणि ते बरं जमलं.

सनई मात्र उघडी पडली. ज्योतीराम स्वरावरून छान घसरत यायचा, पण टेकायला खाली काही नसायचं. पंगतीत कुणीतरी म्हणालं, "सर्कस आली का रं?" दोघंतिघं हसले. दौलतरावांनी बुंदीची परात हातात धरूनच मान वळवली. ज्योतीरामचे कान लाल झाले.

तेवढ्यात शेजारून सूर आला.

म्हाताऱ्याला राहवलं नाही, ज्योतीरामच्या मनात आलं. पहिली ओळ गेली. दुसरी गेली. आता खडा येणार म्हणून त्यानं डोळे मिटून घेतले. आणि तिसऱ्या ओळीला सूर जागचा हलला. कापत कापत एक पायरी वर गेला, ओळ संपेपर्यंत तिथं थांबला आणि मुकाट खाली आला.

ज्योतीरामला भडभडून आलं. सनई तोंडात होती म्हणून निभावलं. पंगतीतल्या कारखान्यातल्या माणसांनी गत ओळखली. एक जण पाण्याच्या तांब्यावर बोटं वाजवू लागला. "बुंदी थांबली का?" कुणीतरी ओरडलं. दौलतराव परात घेऊन तिथंच उभे होते.

गत संपल्यावर ज्योतीरामचं लक्ष चुलत्याच्या हाताकडे गेलं. अंगठ्याच्या नखात काळं मेण अडकलं होतं.

"काका, आज्याचं मेण काढलं?"

"व्हय."

"मी गप बसा म्हनलो, त्याचा राग आला?"

"लई आला." आबाजींनी पत्ती पुसली. "पर तिसऱ्या ओळीला तुझं खरं हुतं."

आता बायकांची पंगत बसायची होती आणि तिला रोजचीच गत वाजवायची होती. त्या गतीत सूर तसूभर हलून चालत नाही. ज्योतीरामनं पिशवीतून मेणाची गोळी काढली, तळहातावर मऊ केली आणि हात पुढे केला.

"द्या, बुजवून देतो."

आबाजींनी सनई मागे घेतली. करंगळी त्या उघड्या भोकावर ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "बोट हाय की."