पट्टीवर उमटलेले ठोके

"अजून किती वेळ पडू, मॅडम?" प्रयोगशाळेचे शिपाई शिवलिंगमामा लाकडी बाकावर उताणे पडून विचारत होते.

"पाचच मिनिटं," मृणालिनी म्हणाली. हृदयाचे ठोके अंगाला न लावता टिपणारी पट्टी बनवताना सहा वर्षं ती हेच म्हणत होती. मामांच्या छातीवर टांगलेल्या बोटभर पट्टीत दोन थर होते. चुंबकत्वाने एक किंचित ताणला जायचा आणि त्याला चिकटलेला दुसरा त्या ताणातून वीज द्यायचा. पण हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासोबत उठणारं चुंबकत्व इतकं क्षीण, की रस्त्यावरून बस गेली तरी तिच्या लोखंडापुढे ते हरवून जाई. आता तिला आशाही करवत नव्हती.

आज पडद्यावर ठोके उमटले, पण वेडेवाकडे. दोन अगदी जवळ, मग लांब खंड. पुन्हा गोंधळच, असं म्हणत तिने पट्टी बाजूला केली. मामांना उठवायला मनगट धरलं, तर बोटांखाली नाडीही तशीच अडखळत होती.

"मामा, हल्ली दम लागतो का?"

"जिने चढताना लागतो. वय झालं आता."

तासाभरात रुग्णालयात डॉक्टरांनी मामांना दाखल करून घेतलं. "वेळेत आणलंत. कळलं कसं?"

"आमच्या पट्टीनं सांगितलं," मृणालिनी म्हणाली आणि तिथल्याच खुर्चीत बसून मुकाट रडली.