बाबूरावाची नवी तबकडी

"बंद करा ते! कोंबडी बिचकतीय!" सरपंच नानासाहेब चावडीच्या ओट्यावरून ओरडले.

समोरच्या लिंबाखाली बाबूरावाचा बँड वाजत होता. बँड म्हणजे तीन माणसं, तीन वाद्यं आणि एक सूर. दुसरा सूर दुष्काळात परवडत नाही, असं बाबूराव म्हणे. वाद्यं हातानं केलेली. सोसायटीत दूध येईना, म्हणून मोकळा पडलेला कॅन गुलाब बडवायचा. रिकाम्या घागरीच्या तोंडावर फाटक्या ट्यूबचं रबर ताणून मालनबाई थाप द्यायची. बाबूराव बंद पंपाचा पाईप फुंकायचा. गुलाबचा पुण्यातला मावसभाऊ याला रॉक म्हणायचा. नानासाहेब कटकट म्हणायचे.

"जरा कळ काढा, नानासाहेब," बाबूराव म्हणाला. "नवी तबकडी काढायची हाय. मुंबईचे साहेब यायलेत."

जुनी तबकडी कुठं आहे, हे कुणी विचारलं नाही.

नानासाहेबांना त्यांचा व्याप होता. बोअरची जागा ठरवायला जिल्ह्याचे पाण्याचे साहेब परवा यायचे होते. भूमला तहसिलीत गेलेल्या गुलाबनंच तसा निरोप आणला होता. साहेबांना कोंबडी आवडते, इथवर माहिती काढून झाली होती. बोअर आपल्या मोसंबीच्या बांधालाच पडणार, हेही ठरलं होतं. बौद्धवाड्यातल्या बायका पार ईट गावच्या वाटेवरून पाणी आणत. पण त्यांना आता सवय झाली आहे, असं नानासाहेबांचं मत होतं.

तेवढ्यात जीप आली. साहेबाची गाडी तापू नये म्हणून मालनबाईनं लगबगीनं जीपच्या दारावरच्या पांढऱ्या अक्षरांवर गोधडी टाकली. चष्मेवाला तरुण उतरला आणि मागून एक पेटी, तारांची भेंडोळी आणि लोखंडी सळया काढू लागला.

"तबकडीचे साहेब," बाबूराव नानासाहेबांच्या कानाशी लागला. "सळया भुईत ठोकत्यात. लई खोलातला आवाज घेत्यात म्हणं. तुमच्या मोसंबीत बसू का? सावली हाय."

"मोसंबीत? खबरदार!" नानासाहेब उठलेच. साहेबाला नमस्कार करून म्हणाले, "हे सगळं बौद्धवाड्याच्या मागं न्या. गावात नको. माझ्या बागेजवळ तर मुळीच नको."

साहेबानं चष्मा काढून पुसला. "नक्की ना? मागाहून जागा बदलता यायची नाही."

"चार माणसांसमोर सांगतो. तिथंच करा."

"असे सरपंच कमी भेटतात," साहेब म्हणाला. त्यानं नानासाहेबांचा हात दोन्ही हातांत घेतला.

नानासाहेबांना बरं वाटलं. कटकट सोसणाऱ्याची कदर मुंबईच्या माणसाला असते, हे त्यांना नवीन होतं. कोंबडी परवासाठी राखलेली, म्हणून त्यांनी साहेबाला चहावर भागवलं.

दिवसभर बौद्धवाड्यामागं सळया ठोकल्या गेल्या, तारा पसरल्या गेल्या. साहेब पेटीवरचा काटा बघून मान डोलवत होता. बँड त्या एकाच सुरात, पण असा रंगून वाजवत होता, की म्हातारी शांतम्मा काठी टाकून नाचली.

परवा कुणी आलं नाही. तेरवाही नाही. कोंबडी अंड्यांवर बसली.

महिन्यानं एक ट्रक आला आणि न थांबता बौद्धवाड्याकडं वळला. तिकडून जो आवाज सुरू झाला, त्यापुढं गुलाबचा कॅन म्हणजे काहीच नव्हता. दुपारपर्यंत सोसून नानासाहेब धोतर सावरत तिकडं धावले.

"बंद करा ते!"

"आता बंद व्हत न्हाय, नानासाहेब," नखशिखान्त चिखलानं माखलेला बाबूराव हसत म्हणाला. मालनबाईनं घागरीच्या तोंडावरचं रबर ओढून काढलं, घागर बोअरच्या धारेखाली धरली आणि भरल्यावर आधी सरपंचांपुढं ओंजळीसाठी वाकवली. "घ्या. चार माणसांसमोर जागा तुमीच दावली. पाणी लई गोड लागलंय."