वीस लाखाचा थेंब

"हरंल त्यानं बाजारादिवशी, समद्यांच्या म्होरं, तोंडाला फडकं न बांधता पाच किलो लवंगी कांडायची. हाय कबूल?"

शालूबाईनं हे इतक्या लाडात विचारलं, की भाऊसोंनी मिशीला पीळ देत तिथंच तिला टाळी दिली. गल्ली खिदळली. शिरवळात हायवेच्या कडेला शालूबाईचं मिरची कांडायचं मशीन, आणि गल्लीत तिनं एकदा तरी बनवला नाही असा गडी शोधून सापडायचा नाही. त्यामुळं ती हसली की लोक आपोआप पुढं सरकून बसायचे. आज ती नुसत्या दातांनी हसत होती, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पैज होती बोटाएवढ्या बाटलीवर. कुणी अंगावर आलं तर तोंडावर मारायला, कंपनीत जाणाऱ्या पोरींसाठी निवडणुकीच्या तोंडावर भाऊसोंनी फुकट वाटलेला मिरचीचा फवारा. एका अंगाला भाऊसोंचा हात जोडलेला फोटो, दुसऱ्या अंगाला लालभडक अक्षरं : 'तिखटपणा २० लाख'. दोनशे बाटल्या वाटून झाल्या होत्या. आणखी पाचशेची खोकी रविवारी फुटायची होती. भाऊसोंचं म्हणणं, ह्याच्या एका फवाऱ्यात गडी आडवा. शालूबाईचं म्हणणं, माझ्या लवंगीचा एक थेंब तुमच्या बाटलीला चारी मुंड्या चीत करील.

"पर मोजायचं कसं?" लालासाहेबांनी विचारलं. फौजेतनं पेन्शनीत आलेला माणूस, त्यांना सगळं मोजूनच लागायचं.

"साखरपाण्यात," शालूबाईची लेक शिवांजली म्हणाली. ती कंपनीच्या लॅबमध्ये कामाला होती. एवढ्या उकाड्यात लांब बाह्यांचा ड्रेस घालून ती दाराला टेकली होती. "एक थेंब घ्यायचा आन् झोंबायचं थांबंपर्यंत साखरपाणी वाढवत न्यायचं. पाच जणांनी चाखायचं. तिघांना झोंबलं तर झोंबलं. बाटलीत खरंच वीस लाख असंल, तर एक थेंब इझवायला वीस लाख थेंब लागत्याल. म्हंजे पाच हंडे."

"भरा रं पाच हंडे!" भाऊसो गरजले. "साखर माझ्याकडनं!"

आधी शालूबाईचा थेंब. लवंगी स्पिरिटात भिजवून, गाळून तिनं तयारच ठेवली होती. पैज लागायच्या आदल्या दिवसापासनं. थेंब पिवळट, दिसायला गरीब. तांब्याभर साखरपाण्यात सोडला. ज्योतिबा न्हाव्यानं चाखला आणि जागेवरनं उडाला. लालासाहेब जीभ बाहेर काढून वारा घालायला लागले. पाचच्या पाच जिभा झोंबल्या.

मग बाटलीचा थेंब. लालचुटूक. भाऊसो तो घेऊन हंड्याकडं निघाले, तर शालूबाईनं त्यांच्या पुढ्यात चहाचा कप धरला.

"हितनं सुरू करा."

कपातलं पाणी पाचही जणांनी चाखलं. ज्योतिबानं परत एक घोट घेतला.

"भाऊसो, सरबत लय झ्याक झालंय."

हंडे तसेच भरलेले राहिले. भाऊसोंनी बाटली उलटीसुलटी केली. "आगं, हितं छापलंय की वीस लाख!"

"ते अर्काचं, भाऊसो," शिवांजली म्हणाली. "मिरचीतनं तेलासारखा घट्ट अर्क काढत्यात, त्येचा आकडा तो. बाटलीत अर्क किती घातलाय, ते कुठं लिवलंय दावा. बाकीचं पाणी, रंग आन् दाबून भरलेली हवा."

शालूबाईनं बाटली हुंगली. "ब्याडगीची गत. रंग मोप, जाळ कायबी न्हाई. लाल दिसलं की तुमी तिखट समजला व्हय?"

भाऊसो हसले. "बरं, हरलो. पर शालूआक्का, बघणाऱ्याला भ्या तर वाटतंय का न्हाई? तेवढंच बास हाय की."

शालूबाईचं हसू तिथं मोडलं. तिनं लेकीचा हात धरला आणि बाही कोपरापर्यंत सारली. मनगटाच्या वर चार बोटं उमटली होती, काळीनिळी.

"सोमवारी. पहिली पाळी सुटल्यावर, भर दुपारी, पुलाखाली एकानं हिचा हात धरला. हिनं तुमची अख्खी बाटली त्येच्या तोंडावर मोकळी केली. त्येनं हिच्याच वढणीनं तोंड पुसलं. म्हनला, आनखी मार की, गार वाटतंय."



"पैजंचं काय ते मी..." भाऊसो पुटपुटले.

"पैज बाजारात," शालूबाई म्हणाली.

बाजारादिवशी मशीन रस्त्याकडं तोंड करून लावलं होतं. पांढऱ्याशुभ्र कपड्यात भाऊसो समोर बसले होते, बसायला त्यांचंच न फुटलेलं खोकं. पोरी कामाला जाता जाता पर्समधली बाटली काढून शेजारच्या पाटीत टाकत होत्या. लालासाहेब तराजू घेऊन उभे होते.

दुसऱ्या किलोला भाऊसोंच्या नाकातोंडातनं धार लागली. तिसऱ्या किलोला डोळे मिटले ते उघडेनात. खोकत, शिंकत, नुसत्या आवाजाच्या अंदाजानं त्यांनी सगळ्या बाजारापुढं दोन्ही हात जोडले. फोटोत होते, अगदी तसेच.

"पानी... आगं, पानी द्या कुनीतरी!"

शिवांजली पुढं आली. आज तिच्या बाह्या आखूड होत्या. तिनं पाटीतली एक बाटली उचलली, टोपण काढलं आणि त्या जोडलेल्या हातात ठेवली.

"मारून घ्या तोंडावर," ती म्हणाली. "गार वाटतंय."