रंगाला धक्का न लावता

मुलगा जाऊन महिना झाला होता आणि त्याच्या मोटारसायकलला गिऱ्हाईक मिळालं होतं. "टाकीवरचे स्टिकर तेवढे काढून ठेवा," एवढीच त्याची अट होती. वडील घरातला हेअर ड्रायर घेऊन अंगणात बसले. गरम हवेने स्टिकर सैल करायचा, कोपरा नखाने उचलायचा आणि सावकाश ओढायचा. पातं लावायचं नाही, नाहीतर रंग जातो.

"किती जिवापाड जपताय!" आई दारातून म्हणाली. "तो होता तेव्हा याच स्टिकरवरून त्याला धारेवर धरायचात."

"मग काय करू? टाकीची पार जाहिरातींची भिंत करून टाकली होती त्याने."

पहिला स्टिकर अलगद निघाला. उरलेला चिकटा त्यांनी तेलाच्या बोळ्याने पुसला. दुसरा सगळ्यात मोठा होता, मुलाने शेवटच्या आठवड्यात लावलेला. तो निघाला तेव्हा खाली पत्र्यापर्यंत गेलेला ओरखडा होता.

"माझ्या हातून नाही झाला," ते घाईघाईने म्हणाले.

आईने वाकून पाहिलं. "आधीचाच आहे. आत चिकटा भरलाय, बघा."

त्यांनी ओरखड्यावरून बोट फिरवलं. "हा कुठे पडला होता का? डोक्याला मार लागला होता का?" इस्पितळात डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा विचारलं होतं. मुलगा शुद्धीवर नव्हता, म्हणून उत्तर वडिलांनीच दिलं होतं.

"छे हो! पडला असता तर गाडीवर ओरखडा दिसला नसता का?"